मागच्या चाकांचं स्टिअरिंग

सुगीच्या दिवसांत आमच्या घोडेगावात हार्वेस्टर येतात. नगर-संभाजीनगर रस्त्यावरून ते धूड डुलत डुलत येताना पाहिलंय ना? त्याची पुढची चाकं मोठी, मागची छोटी, आणि वळतात ती मागची. कापणीचं पातं पुढे, वजनही पुढे, म्हणून स्टिअरिंग मागे ढकललेलं. बांधाच्या कोपऱ्यात ते जागच्या जागी वळल्यासारखं वळतं. पण डांबरी रस्त्यावर ड्रायव्हर त्याला दामटत नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे पुतण्या. त्याच्या कॉलेजची टीम 'बाहा'साठी बग्गी बांधतेय. भारतात ही स्पर्धा २००७ पासून होते. मुलांनीच गाडी बनवायची आणि शेवटी चार तास खाचखळग्यांतून पळवायची. त्याचा प्रश्न, "काका, हार्वेस्टरसारखी मागची चाकं वळवली तर?" गाडीत आमचंच पोर बसणार, म्हणून जुना इतिहास जरा धुंडाळला.

आधी एक साधी गोष्ट. गाडी रिव्हर्समध्ये घेताना वळणारी चाकं मागे असतात. हळू असताना काही वाटत नाही. वेग वाढला की गाडी झोकांड्या खाते आणि स्टिअरिंग सरळ व्हायच्या ऐवजी आणखीच ओढलं जातं. कारण मागची चाकं बाणाच्या पिसांसारखी असतात, गाडीला सरळ धरतात. पिसंच हलायला लागली तर बाण कुठे जाईल? शिवाय उजवीकडे जायचं तर शेपूट आधी डावीकडे फेकावं लागतं. तिकडे दगड असला तर संपलंच.

१९३३ साली अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर यांनी 'डायमॅक्सियन' ही तीनचाकी गाडी बनवली. मागचं एकच चाक वळायचं. पार्किंगमध्ये ती बघणाऱ्यांना थक्क करायची, पण वेगात आणि वाऱ्यात डळमळायची. त्याच वर्षी शिकागोत ती उलटून चालक ठार झाला. दुसऱ्या गाडीची धडक बसली होती, त्यामुळे सगळा दोष स्टिअरिंगला देता येत नाही. पण नाव खराब झालं ते झालंच.

दुसरी बाजूही आहे. १९८७ च्या होंडा प्रिल्यूडमध्ये चारही चाकं वळायची. स्टिअरिंग थोडं फिरवलं की मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेने किंचित वळत, त्यामुळे वेगात गाडी स्थिर राहायची. खूप फिरवलं की उलट दिशेने, म्हणजे अरुंद जागेत सोय. १९८८ मध्ये आरी वाटानेननी चारही चाकं वळणारी प्यूजो ४०५ घेऊन कोलोरॅडोचा पाइक्स पीक हा घाट १० मिनिटं ४७ सेकंदांत चढून विक्रम केला. १५६ वळणं, तीही तेव्हाच्या मातीखडीच्या रस्त्यावर! तिथे मागच्या चाकांनी मदत केली, पण पुढची चाकंही वळतच होती.

आणि फक्त मागच्या चाकांवर? तेही झालंय. १५ ऑक्टोबर १९९७ ला नेवाडाच्या वाळवंटात अँडी ग्रीन यांनी 'थ्रस्ट एसएससी' ताशी १,२२८ किलोमीटरने पळवली. जमिनीवर आवाजाचा वेग पहिल्यांदा तिनेच ओलांडला, आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. तिची मागची चाकं वळायची, कारण दोन जेट इंजिनांच्या मध्ये पुढे जागाच नव्हती. आधी एका जुन्या मिनीला तशी चाकं जोडून प्रयोग केले होते. पण तिथे मैलोन्मैल सपाट माती होती, वळण एकही नाही, आणि हाती मुरलेला लढाऊ वैमानिक. २०१९ मध्ये त्याच ग्रीन यांनी 'ब्लडहाउंड' ताशी १,०१० किलोमीटरने चालवली, तेव्हा स्टिअरिंग पुन्हा पुढच्या चाकांवर आलं होतं! मला तरी यातच उत्तर दिसतं.

खाचखळग्यांत तर मागची चाकं सारखी उडतात. हवेत असताना वळलेलं चाक तिरकं खाली टेकलं की गाडी फिरलीच. वर जादा सांधे, जादा वजन, आणि मोडायला एक जागा जास्त.

म्हणून माझं मत असं: मागची चाकं एकटी वळवणं हे कमी वेगाचं काम, शेतातलं. शर्यतीत वळवायचीच असतील तर पुढच्यांच्या जोडीला, थोडीशी, आणि बिघडली तर सरळ कुलूपबंद होतील अशी. आपल्या शंकरपटातही बैल पुढेच असतात आणि छकडा त्यांच्या मागून जातो.

यंत्रातलं जास्त कळणाऱ्यांनी जरूर लिहा. असो.