मालेगावचे मामू, आलम आरा आणि बंदुकीच्या नळीसारखा माइक

मालेगावात माझे मामू राहायचे. चाळीसहून अधिक वर्षं त्यांनी लूमवर काढली. हातमाग त्यांनी वडिलांकडून शिकला आणि पॉवरलूम पोटासाठी. धोटा अडकण्याआधी लूमचा आवाज कसा बदलतो, हे ते पाठमोरे उभे राहूनही सांगायचे. अशा माणसाचा इतिहास कुठल्याही दफ्तरात नसतो. मालकाच्या वहीत मजुरीचा आकडा असतो, बाकी सगळं त्याच्या जिभेवर. सत्तरी ओलांडल्यावर मामूंचा आवाज खोल गेला, वाक्यामागे खोकला येऊ लागला. तेव्हा मी ठरवलं की त्यांचं बोलणं व्हिडिओवर घ्यायचं.

कॅमेरा मित्राचा मिळाला, माइक मात्र विकत घ्यावा लागणार होता. दुकानदार म्हणाला, ‘शॉटगन न्या. वीस फुटांवरून आवाज ओढतो.’ मी नेला. मामूंच्या घराला लागूनच कारखाना. पत्र्याचं छप्पर, उघड्या भिंती, फरशी. मी कॅमेऱ्यावर माइक चढवला, आठ-दहा फूट मागे बसलो आणि तीन तास ध्वनिमुद्रण केलं. घरी येऊन ऐकलं, तर लूमची खटखट थोडी कमी झाली होती, पण धडधड जशीच्या तशी. मामूंचा आवाज रिकाम्या हौदातून आल्यासारखा. अर्धी वाक्यं कळत नव्हती.

माझं काय चुकलं, हे शोधता शोधता मी सिनेमाच्या इतिहासात शिरलो. त्यातून जे हाती लागलं, ते माइक निवडणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल म्हणून इथं मांडतो आहे.

सुरुवात मुंबईपासूनच करू. 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय सिनेमा बोलू लागला. दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांनी ध्वनिमुद्रणाची ‘टॅनार’ यंत्रणा मागवली होती. तिच्यासोबत विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ आला. त्याचा मेहनताना दिवसाला शंभर रुपये. त्या काळी ही रक्कम इतकी मोठी होती, की इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी त्याच्याकडून काम शिकून घेतलं आणि ध्वनिमुद्रण स्वतःच केलं. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर उमटत असल्यामुळे आवाज बिघडला की दृश्यही गेलं.

स्टुडिओ ग्रँट रोडच्या बाजूला, रेल्वे रुळांना खेटून. दिवसभर गाड्यांची ये-जा. तेव्हा आजच्यासारखा एका दिशेचा आवाज टिपणारा माइक हाताशी नव्हता. चहूबाजूंचं सगळं ऐकणारा माइक, आणि तोही कॅमेऱ्याला दिसू न देता नटांच्या जवळपास लपवायचा. इराणींनी उपाय काढला तो घड्याळातून. गाड्या थांबल्या की, म्हणजे रात्री एक ते पहाटे चारच्या दरम्यान, बहुतेक चित्रीकरण उरकायचं. वझीर मोहम्मद खान यांनी फकिराच्या भूमिकेत गायलेलं भारतीय सिनेमाचं पहिलं गाणं असंच मुद्रित झालं. आज त्या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. इतक्या जागरणांनी जमवलेला तो आवाज आपण गमावून बसलो आहोत.

अमेरिकेत याच अडचणीवर वेगळी वाट शोधली जात होती. 1929 साली ‘द वाइल्ड पार्टी’च्या वेळी दिग्दर्शिका डोरोथी आर्झनर यांनी माइक एका लांब काठीला बांधून नटीच्या डोक्यावर फिरवला, असं सांगितलं जातं. बूमच्या जन्माचं श्रेय बऱ्याचदा त्यांनाच दिलं जातं. आपल्याकडे लग्नाच्या व्हिडिओपासून मालिकांपर्यंत आज दिसणारी माइकची काठी त्याच कुळातली. नट फिरेल तिथं माइक फिरेल, आणि जवळ राहील, एवढाच तिचा हेतू.

1930च्या दशकाच्या अखेरीस बेल लॅबोरेटरीजमध्ये मेसन आणि मार्शल यांनी कमी-जास्त लांबीच्या बारीक नळ्यांची जुडी माइकपुढे बसवली. आरसीए कंपनीचे हॅरी ओल्सन यांचंही काम याच दिशेनं चाललं होतं. पुढं जुडीची जागा एकाच नळीनं घेतली. तिच्या कडेला चिरा पाडलेल्या. बंदुकीच्या नळीसारखी दिसते, म्हणून नाव शॉटगन. या प्रकारच्या माइकसाठी 1987 सालच्या ऑस्करमध्ये जर्मनीच्या फ्रिट्झ सेनहायझर यांना तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्यांच्याच कंपनीचा ‘एमकेएच 416’ हा 1970च्या दशकातला माइक आजही चित्रीकरणात दिसतो. लांबी जेमतेम पाव मीटर. त्याच्या आतली रचना दमट हवेतही सहसा कुरकुर करत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात काम करणाऱ्याला याचं मोल लगेच कळेल.

आता या नळीचं गुपित. समोरून आलेला आवाज सरळ पडद्यावर पोहोचतो. बाजूनं आलेला आवाज वेगवेगळ्या चिरांतून थोडा थोडा मागेपुढे आत शिरतो आणि आपापसातच पुसला जातो. नळी दूरचा आवाज ओढत नाही. ती फक्त कडेचा आवाज कमी करते. तेसुद्धा सगळा नाही. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. त्या हिशेबानं पाव मीटर लांबीची लाट साधारण 1,370 हर्ट्झची होते. त्याच्या बरंच खाली, म्हणजे जाड, घुमणाऱ्या आवाजांच्या पट्ट्यात, नळी जवळजवळ निकामी ठरते आणि माइक साध्या एकदिशीय माइकसारखा वागतो. नळी अर्धा मीटर केली की ही सीमा आणखी खाली सरकते, पण तेवढा लांब माइक छोट्या खोलीत फिरवणार कसा?

मालेगावात नेमकं हेच झालं होतं. खटखट बारीक होती, ती थोडी पुसली गेली. धडधड जाड होती, ती आत आली. शिवाय फरशी आणि पत्र्यावर आपटून मामूंचाच आवाज सगळीकडून परतत होता. त्याचा बारीक भाग नळीनं कापला, जाड भाग ठेवला, म्हणून तो हौदातून आल्यासारखा वाटला. याच कारणानं अनुभवी ध्वनिमुद्रक शॉटगन मोकळ्या जागेत वापरतात, वाऱ्यासाठी तिला केसाळ आवरण घालतात, आणि बंद खोलीत नळी नसलेला छोटा एकदिशीय माइक काढतात. दोन्हीकडे नियम एकच. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलनं वाढतो. आठ फुटांवरच्या महागड्या माइकपेक्षा दोन फुटांवरचा साधा माइक कितीतरी बरा.

आपल्या सिनेमानं मात्र बराच काळ हा प्रश्नच टाळला. 1960 नंतर हलके पण घरघरणारे कॅमेरे घेऊन चित्रीकरण स्टुडिओबाहेर पडलं. जागेवरचा आवाज फक्त खुणेपुरता घ्यायचा आणि पुढं थिएटरात नटांनी पडद्याकडे बघत संवाद पुन्हा बोलायचे, ही रीत पडली. डबिंगनं कामं सोपी झाली. पण शेतात, गल्लीत, गर्दीत माणूस ज्या दमानं बोलतो, तो दम बंद खोलीत परत आणणं अवघड. तीन-चार दशकं आपल्या पडद्यावरची गावं दिसत होती, त्यांचे आवाज मात्र बव्हंशी खोलीत तयार होत होते.

2001 साली ‘लगान’ आला. कच्छमधल्या भुजजवळ, हजारोंच्या गर्दीत, नकुल कामटे यांनी संवाद जागेवरच मुद्रित केले. त्यासाठी माइकइतकीच गरज होती ती सेटवर सगळ्यांनी गप्प राहण्याच्या शिस्तीची. पुढं 2009 मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसूल पुकुट्टी यांना ‘स्लमडॉग मिलेनियर’साठी इयान टॅप आणि रिचर्ड प्राइक यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. मुंबईचे रस्ते आणि वस्त्या ध्वनिमुद्रकाच्या कामाची जागा असू शकतात, हे तेव्हा जगानं पाहिलं.

मी हे सगळं मामूंना फोनवर सांगितलं. आलम आराच्या रात्रींचा किस्सा त्यांना फार आवडला. हसून म्हणाले, ‘अरे बेटा, मग जुम्म्याला ये ना! लूम बंद असतात.’ मी तीन तास माइकचा विचार करत बसलो होतो आणि मालेगावात आठवड्यातून एकदा आपोआप शांतता होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शुक्रवारी नमाजनंतर गेलो. पंखा बंद केला. भिंतींवर गोधड्या टांगल्या, फरशीवर सतरंजी टाकली. शॉटगन पिशवीतच ठेवली. उसना आणलेला छोटा माइक मामूंच्या डोक्यावर, चौकटीच्या जरा बाहेर, हातभर अंतरावर धरला. त्या दुपारी ते अडीच तास बोलले. पहिल्या पगाराबद्दल, बंद पडलेल्या हातमागाबद्दल, दंगलीनंतर उघडलेल्या कारखान्याच्या पहिल्या दिवसाबद्दल. खोकला आहे, चहाच्या कपाचा आवाज आहे. प्रत्येक शब्द कळतो.

दुसऱ्या दिवशी लूम सुरू झाल्यावर मी पाच मिनिटं नुसती लूमची धडधड मुद्रित केली. ज्या आवाजाला आदल्या खेपेला मी शिव्या घातल्या होत्या, त्यातच मामूंनी आयुष्य काढलं होतं. मात्र दोन्ही आवाज वेगवेगळे ठेवले.

आठ महिन्यांनी मामूंचा इंतकाल झाला. दोन्ही फाइल्सच्या तीन प्रती तीन घरांत ठेवल्या आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर माइकची किंमत विचारण्याआधी त्यांच्या गल्लीत शांतता कधी होते ते विचारा, आणि त्या दिवशी जाऊन जवळ बसा.