औरस, दत्तक आणि तोतया

‘मिलिंदपञ्ह’ या पालि ग्रंथांत नागसेन भिक्षूनें मिलिंद राजास एक साधा प्रश्न घातला आहे. ज्या रथांतून राजा आला, त्याचीं चाकें म्हणजे रथ कीं त्याचा आंस म्हणजे रथ? अखेर रथ हें या सर्व भागांच्या आश्रयानें चालणारें एक नांव आहे, असें राजास कबूल करावें लागलें. सुमारें दोन हजार वर्षांनीं हाच प्रश्न इंग्लंडांतील एका मोटारींच्या कारखान्यांत पुन्हां उपस्थित झाला. या खेपेस मात्र त्या नांवाची किंमत दहा लाख पौंडांवर गेली होती. जग्वार हा तो कारखाना. २००८ सालीं तो मुंबईच्या टाटा मोटर्स या कंपनीनें विकत घेतल्यामुळें आमच्या वाचकांस हा विषय अगदींच परका वाटूं नये.

कॉव्हेंट्री येथें १९५४ सालीं जग्वारची डी-टाइप ही शर्यतीची गाडी तयार झाली. तिचा आकार ठरविणारा माल्कम सेयर हा विमानांच्या कारखान्यांतून आलेला होता. त्यामुळें वाऱ्यास वाट कशी करून द्यावी हें त्यास गणितानें ठाऊक होतें. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत या गाडीनें १९५५, १९५६ व १९५७ अशी लागोपाठ तीन वर्षें जिंकली. पैकीं पहिला विजय शोकानें काळवंडलेला आहे. त्या दिवशीं दुसऱ्या एका कंपनीची गाडी उसळून प्रेक्षकांत शिरली व ऐंशींहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. १९५६ च्या अखेरीस जग्वारनें शर्यतींतून अंग काढून घेतलें. न खपलेल्या डी-टाइप गाड्यांस रुंद कांच, दुसरें दार व टप बसवून त्या रस्त्यावर चालण्याजोग्या कराव्या, असें मग ठरलें. हीच एक्सकेएसएस. अशा २५ गाड्या करण्याचा बेत होता. परंतु १२ फेब्रुवारी १९५७ रोजीं कारखान्यास आग लागून त्यांतील ९ जळाल्या, व १६ काय त्या जगांत आल्या.

पुढें जवळजवळ साठ वर्षांनीं, २०१६ सालीं, कंपनीनें त्या नऊ गाड्या नव्यानें बांधण्याचें जाहीर केलें. तत्पूर्वी २०१४ मध्यें तिनें असाच एक उपक्रम केला होता. हलक्या वजनाच्या ई-टाइप गाडीसाठीं १९६३ सालीं १८ क्रमांक राखून ठेविले असतां गाड्या १२ च झाल्या होत्या. उरलेले सहा क्रमांक तिनें सहा नव्या गाड्यांस दिले. २०१८ मध्यें डी-टाइपच्या २५ गाड्यांची घोषणा झाली, कारण मूळ शंभरांच्या बेतापैकीं ७५ च पुऱ्या झाल्या होत्या. हें काम हलगर्जीपणाचें नव्हे. जुने नकाशे शोधले गेले, हयात गाड्यांचीं मापें घेतलीं गेलीं, धातूचे पत्रे पूर्वीप्रमाणें हातानें ठोकून आकारास आणले गेले. या गाड्यांस कंपनी ‘कंटिन्युएशन’, म्हणजे जुन्याच मालिकेचा पुढील भाग, असें म्हणते.

हें म्हणणें मान्य करावें काय? येथें एक आक्षेप प्रथम विचारांत घेतला पाहिजे. शर्यतीच्या जुन्या गाड्यांचें आयुष्य अपघातांत व दुरुस्त्यांत गेलेलें असतें. कित्येकींचें एंजिन बदललेलें असतें, कित्येकींचा पत्रा. मग मूळ गाडींत तरी मूळ असें काय उरलें? याचें उत्तरहि नागसेनापाशींच आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरींची ज्योत व शेवटच्या प्रहरींची ज्योत या एक नव्हेत, आणि भिन्नहि नव्हेत. कारण एकीपासून दुसरी अखंड तेवत आलेली असते. जुन्या गाडीचें जुनेपण धातूंत नसून या अखंडतेंत आहे. १९५७ च्या आगींत त्या नऊ ज्योती मालवल्या. २०१६ मध्यें त्याच घरांत, त्याच आकाराच्या समईंत दिवे लागले खरे. पण ते दुसरे दिवे होत.

यावरून अशा गाड्या निंद्य ठरतात असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आपल्या धर्मशास्त्रानें दत्तकास औरसाचे बहुतेक हक्क दिले आहेत. पण दत्तविधानाचा दिवस कोणी लपवीत नाहीं. कंपनीनें बांधलेली नवी गाडी हा त्या घराचा दत्तक होय. परक्या कारागिरांनीं केलेली प्रतिकृति घरची नसेल, परंतु तेवढ्यानें ती तोतयाहि होत नाहीं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचें नांव घेऊन जो तोतया उभा राहिला व १७७६ सालीं देहान्त शिक्षा पावला, त्याचा गुन्हा भाऊंसारखें दिसण्याचा नव्हता. मीच भाऊ असें म्हणण्याचा होता. मोटारींतहि तोतया तोच, जी नव्या सांगाड्यावर जुना क्रमांक ठोकून जुन्या विजयांवर हक्क सांगते. या कसोटीस लावतां १९६३ चे क्रमांक २०१४ च्या गाड्यांस देण्याची कल्पना आम्हांस निसरडी वाटते. बांधणीचें साल उघड सांगितलें जातें, तोंवरच ती निर्दोष आहे.

प्रतिकृति करण्याचा हक्क कोणाचा, हा वाद न्यायालयांतहि गेला आहे. जग्वारच्या सी-टाइपची प्रतिकृति करणाऱ्या एका दांपत्याविरुद्ध स्वीडनच्या न्यायालयानें २०२० मध्यें कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. २०२३ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला. आकार कोणाचा हें कायदा ठरवूं शकतो. इतिहास कोणाचा हें ठरविणें त्याच्याहि हातीं नाहीं.

म्हणून निवड करणाऱ्यानें प्रथम आपणांस काय हवें तें ओळखावें. जुन्या चालीचा आनंद हवा असेल तर चांगली प्रतिकृति पुरे. कारखान्याचा हात व नांव हवें असेल तर दत्तक गाडी घ्यावी. पण ल मां येथील त्या दिवसांचा साक्षीदार हवा असेल, तर तो नव्यानें घडवितां येत नाहीं. जी गाडी घ्याल तिच्या पाटीवर रचनेचें साल व बांधणीचें साल, दोन्हीं स्पष्ट लिहा. आपल्यामागून ती पाहणारांशीं तेवढें तरी खरें बोललें जाईल.