धीर धरण्यापासून धीर येण्यापर्यंत

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर माणसाचे चालणे दोन वाटांनी परत येते. एक वाट शरीराची असून तिच्यावर जखम भरते, हाड सांधते, दबलेल्या नसेची सूज उतरते आणि पायांत हळूहळू बळ येते. दुसरी वाट भरवशाची असते. टाकलेले पाऊल अंगाचा भार पेलेल, गुडघा मुडपणार नाही, पाठीत बसवलेले स्क्रू निसटणार नाहीत, ही खात्री मनात मुरावी लागते आणि ती मुरेपर्यंत क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसत असूनही रुग्ण भिंतीचा आधार सोडायला धजत नाही. या भरवशाला मराठीत ‘धीर’ हा नेमका शब्द आहे. धीर धरता येतो, दुसऱ्याला देता येतो, तो सुटतो आणि पुन्हा येतो. मणक्याच्या रुग्णाला केवळ धीर धरायला सांगणारे वैद्यक त्याला धीर येईल अशी तजवीज करू लागले ते कसे, हा शल्यचिकित्सेच्या इतिहासातील एक महत्त्वाचा आणि काहीसा दुर्लक्षित भाग आहे.

मोडलेले किंवा किडलेले हाड हलू न देणे, हा या इतिहासाचा सर्वांत जुना नियम होय. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेच्या, म्हणजे अस्थिभंगावरील उपचारांच्या प्रकरणात ‘कपाटशयन’ सांगितले आहे. त्यात रुग्णाला लाकडी फळीवर निजवून, फळीला ठोकलेल्या खुंट्यांच्या आधाराने त्याचे अंग बांधून ठेवीत, आणि ही योजना मांडी-पोटरीच्या हाडांप्रमाणेच पाठीच्या कण्यासाठीही सांगितलेली आहे. त्यामागचा तर्क साधा आणि सबळ होता. हाडाची टोके हलत राहिली तर ती जुळत नाहीत, आणि कण्याच्या पोकळीतून मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून हातापायांपर्यंत संदेश नेणाऱ्या तंतूंची जाड दोरी, जात असल्याने तेथील हालचाल अधिकच घातक ठरण्याची शक्यता होती.

आधुनिक काळात हाच तर्क मणक्याच्या क्षयाच्या निमित्ताने पुढे आला. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये पाठीला येणारे कुबड आणि पायांतील शक्ती जाणे यांच्या संबंधावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून या विकाराला ‘पॉटचा विकार’ असे नाव पडले. क्षयावर औषध नव्हते, त्यामुळे विश्रांती हाच उपचार मानला गेला. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी तर रोगी सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी, असा सिद्धान्तच मांडला. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील बेर्क या गावात मणक्याच्या क्षयाचे रुग्ण प्लास्टरमध्ये जखडलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने, काही वेळा वर्षानुवर्षे, उताणे पडून राहत. त्यांना समुद्राची हवा मिळावी म्हणून चाकांच्या सपाट गाड्यांवरून किनाऱ्यावर नेले जाई आणि आडव्या माणसांना वाहून नेणाऱ्या घोडागाड्या हे त्या गावच्या रस्त्यावरचे नित्याचे दृश्य झाले होते.

याच काळात एक वेगळा विचारही उमटला होता. न्यूयॉर्कचे लुईस सेअर यांनी १८७० च्या दशकात रुग्णाला तिवईला टांगून, कणा शक्य तितका ताणला गेलेला असतानाच धडाभोवती प्लास्टरचे जाकीट चढवण्याची पद्धत रूढ केली. जाकिटाने कणा स्थिर राही आणि रुग्णाला मात्र हिंडता-फिरता येई. हाड स्थिर ठेवायचे म्हणजे संपूर्ण माणूसच स्थिर ठेवायचा असे नव्हे, हा भेद सेअर यांच्या जाकिटात मूर्त झाला होता. परंतु तो सर्वमान्य व्हायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचे युग १८९१ मध्ये टेक्सासमध्ये बर्थोल्ड हाड्रा यांनी मणक्यांचे मागील काटे तारेने बांधले तेव्हा सुरू झाले असे म्हणता येते. पुढे १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्येच रसेल हिब्ज आणि फ्रेड ऑल्बी यांनी स्वतंत्रपणे मणके जोडण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. लगतचे दोन किंवा अधिक मणके मधल्या भागात हाड वाढू देऊन एकसंध करणे, असे या जोडणीचे स्वरूप होते, आणि ऑल्बी यांनी त्यासाठी रुग्णाच्याच नडगीच्या हाडाची पट्टी वापरली. धातूचा आधार नसल्यामुळे नवे हाड पक्के होईपर्यंत रुग्णाला अनेक आठवडे अंथरुणात ठेवणे भाग होते. बॉस्टनमध्ये विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये सरकलेली चकती, म्हणजे दोन मणक्यांमधील गादी फुटून बाहेर आलेला भाग, पायात उतरणाऱ्या कळेचे कारण असते आणि तो काढल्यास कळ थांबते, हे दाखवून दिले. त्यानंतर मणक्याची शस्त्रक्रिया क्षयरोग्यांपुरती न राहता शेतकरी, हमाल, कारकून अशा धडधाकट माणसांपर्यंत पोहोचली; पण शस्त्रक्रियेनंतर पडून राहण्याचा दंडक त्यांनाही लागू झाला.

या दंडकाची किंमत रुग्णाच्या पायांनी आणि मनाने सारखीच मोजली. दीर्घकाळ पडून राहिल्याने पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू झिजतात, उभे राहताच रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेची सवय मोडते. त्यामुळे अखेर उठण्याची परवानगी मिळाल्यावर पहिल्याच पावलाला पाय लटपटले की रुग्ण त्याचा अर्थ ‘पाठ अजून कच्ची आहे’ असा लावी, जरी तो लटपटाट अंथरुणाने आणलेला असे. विश्रांतीने हाडाचे रक्षण होत होते, परंतु धीर सुटण्याची कारणेही तीच पुरवीत होती.

शस्त्रक्रियेनंतर पडून राहणेच हिताचे, या समजुतीला पहिला मोठा धक्का अन्य शस्त्रक्रियांकडून बसला. शिकागोचे एमिल रीस यांनी १८९९ मध्येच स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियांनंतर रुग्णांना लवकर उठवावे असे सुचवले होते, आणि डेट्रॉइटचे डॅनियल लाइटहाउझर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पोटाच्या शस्त्रक्रियांनंतर हा प्रघात चिकाटीने राबवला. दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि परिचारिका यांची टंचाई झाल्याने तो गरज म्हणूनही स्वीकारला गेला. १९४७ मध्ये इंग्लंडचे रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणात राहण्याचे धोके अवयवागणिक मांडणारा लेख लिहिला आणि खाट हे निरुपद्रवी औषध नव्हे, हे विधान वैद्यकाच्या मुख्य प्रवाहात आणले.

तथापि रुग्णाला उठवणे आणि त्याला चालायला शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी होत, आणि दुसऱ्या गोष्टीचा पाया स्वित्झर्लंडमधील हायडेन या गावी हाइनरिख फ्रेंकेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला होता. त्यांचे रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते. उपदंशामुळे मज्जारज्जूचा मागचा भाग निकामी झाल्याने त्यांच्या पायांत शक्ती असूनही पाय नेमका कुठे आहे हे त्यांना डोळे मिटल्यावर कळत नसे. सरावाने हालचालीतील अचूकता वाढते, असे एका रुग्णाच्या तपासणीत लक्षात आल्यावर फ्रेंकेल यांनी व्यायामांची चढती मालिकाच आखली. रुग्ण आधी निजून टाच ठरलेल्या जागी नेई, मग बसून, मग उभ्याने. शेवटी जमिनीवर रंगवलेल्या पट्ट्यांवर आणि पावलांच्या ठशांवर नेमके पाऊल ठेवीत, नजर पायांवर खिळवून आणि आकडे मोजीत तो चाले. अर्धे पाऊल, पाव पाऊल, पूर्ण पाऊल, वळण असा क्रम ठरलेला असे आणि एक पायरी जमल्याखेरीज पुढची दिली जात नसे. शरीराकडून येणारी जाणीव बोथट झाली तर डोळे आणि सराव तिची जागा घेऊ शकतात, हा त्यातील शोध होता. नस दबल्यामुळे तळवा बधिर राहिलेल्या मणक्याच्या रुग्णासाठी आजही तोच उपयोगी पडतो.

भारतात चालणे शिकवण्याच्या या विद्येला संस्थात्मक रूप मुख्यतः मुंबईत मिळाले आणि त्याचे निमित्त पोलिओ ठरला. १९४७ मध्ये फातिमा इस्माईल यांच्या पुढाकाराने पोलिओग्रस्त मुलांच्या पुनर्वसनासाठी शहरात संस्था उभी राहिली; १९५० च्या दशकाच्या आरंभी परळच्या केईएम रुग्णालयात राज्य सरकार, महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची, शाळा सुरू झाली; आणि १९५५ मध्ये हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. पोलिओच्या मुलांसाठी आणलेले समांतर दांडे, कुबड्या आणि आरशासमोरचे चालण्याचे धडे पुढे मणक्याच्या रुग्णांच्याही कामी आले. शस्त्रक्रिया करणारा हात आणि चालायला शिकवणारा हात वेगळे असू शकतात, ही गोष्ट येथील रुग्णालयांनी याच काळात स्वीकारली.

मणक्याच्या बाबतीत विश्रांतीविषयीचा निर्णायक पुरावा मात्र पुन्हा क्षयाकडूनच आला. क्षयावर प्रभावी औषधे हाती आल्यावर ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने दक्षिण कोरियात तुलनात्मक चाचण्या केल्या. मसान येथे काही रुग्णांना सहा महिने रुग्णालयात खाटेवर ठेवण्यात आले आणि काहींना पहिल्यापासून घरी राहून हिंडू-फिरू दिले गेले. पुसान येथे काहींना नऊ महिने प्लास्टरचे जाकीट घातले आणि काहींना घातले नाही. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालांनुसार औषधे नीट घेतली असता खाटेचा किंवा जाकिटाचा वेगळा लाभ दिसून आला नाही. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील सुरेंद्र मोहन तुली यांनी १९७५ मध्ये ‘मध्यम मार्ग’ मांडला, ज्यात औषधे, सुरुवातीची विश्रांती, आधारपट्टा बांधून टप्प्याटप्प्याने हिंडणे आणि निवडक रुग्णांवरच शस्त्रक्रिया यांचा मेळ होता. खाटांची वानवा असलेल्या देशासाठी हा मार्ग व्यवहार्य होता, आणि तो शास्त्रालाही धरून होता.

त्याच सुमारास धातूच्या साहित्याने शल्यचिकित्सकांचाही धीर वाढवला. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांच्या पोलादी दांड्या, पॅरिसच्या रेमंड रॉय-कामिय यांनी मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडी खांबांतून बसवलेले स्क्रू आणि १९७७ पासून सूक्ष्मदर्शकाखाली होऊ लागलेली चकतीची शस्त्रक्रिया, यांमुळे जखम लहान झाली आणि कणा पहिल्या दिवसापासून भार पेलू लागला.

उरली होती ती भीती, आणि तिचा अभ्यास मानसशास्त्राने केला. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेची कल्पना मांडली. एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास उपदेशापेक्षा ते काम प्रत्यक्ष जमल्याच्या अनुभवातून अधिक बळावतो, असा तिचा गाभा आहे. १९८३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी पाठदुखीसंबंधी भय आणि टाळाटाळ यांचे चक्र वर्णिले, ज्यात दुखेल म्हणून हालचाल टाळली जाते आणि टाळल्याने अंग आखडून भय आणखी वाढते. १९९० मध्ये मेरी टिनेटी यांनी पडण्याची भीती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. १९९० च्या दशकात अमेरिकेतील युजीन कॅरागी यांनी चकतीच्या शस्त्रक्रियेनंतर निवडक रुग्णांवर कोणतेही निर्बंध न घालता त्यांना लवकर नित्यक्रमाला लावले, तेव्हा बहुतेकांची प्रकृती चांगली राहिली आणि ते लवकर कामावर परतले.

आजच्या वॉर्डात या साऱ्या इतिहासाचे सार काही मिनिटांत पाहायला मिळते. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून ओंडक्यासारखे कुशीवर वळवले जाते. मग पाय खाटेखाली सोडता सोडता कोपराच्या जोराने तो उठून बसतो आणि भोवळ ओसरेपर्यंत काठावर थांबतो. भौतिकोपचारतज्ज्ञ एक हात त्याच्या कंबरपट्ट्यावर ठेवून त्याला वॉकरशी उभे करतो. खाली पायांकडे पाहणाऱ्याला समोर बघायला सांगितले जाते, तर तळवा बधिर असणाऱ्याला मुद्दाम पायाकडे बघू दिले जाते. आधी खाटेपासून दारापर्यंत, मग व्हरांड्याच्या टोकापर्यंत, मग चार पायऱ्या, असा पल्ला वाढत जातो, आणि प्रत्येक पल्ला रुग्ण स्वतः मोजतो.

सर्वांचे पाय पूर्ववत होत नाहीत, आणि किती दिवसांनी काय करावे हे शस्त्रक्रियेच्या प्रकारावर व मज्जारज्जूच्या इजेवर ठरते. म्हणूनच घाईला या इतिहासाचा आधार घेता येणार नाही. परंतु धीर आल्यावर चालायचे, हा क्रम त्याने उलटवला आहे. कंबरपट्ट्यावरचा दुसऱ्याचा हात, जमिनीवरचा ठसा, व्हरांड्याचे पुढचे टोक यांतून आधी धीर दिला जातो आणि पाऊल पडते. रुग्णाचा स्वतःचा धीर येतो मागाहून, आणि ज्या दिवशी पट्ट्यावरचा हात केव्हा सुटला हे चालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, त्या दिवशी तो मुक्कामाला राहतो.