तुपाक आमारूंचा चेहरा आणायचा कुठून?

समजा, तुपाक आमारू दुसरे यांचं छोटं शिल्प थ्रीडी प्रिंटरवर छापायचंय. प्लास्टिक कुठलं, थर किती जाडीचा, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न हा, की चेहरा आणायचा कुठून?

आधी माणूस कोण ते बघू. होसे गाब्रिएल कोंदोरकांकी हे आजच्या पेरूमधल्या कुस्को परिसरातले कुराका, म्हणजे स्थानिक प्रमुख. खेचरांच्या तांड्यांवरून मालवाहतूक हा त्यांचा धंदा. १५७२ मध्ये स्पॅनिशांनी शिरच्छेद केलेल्या शेवटच्या इंका राजाचे, तुपाक आमारूंचे, आपण वंशज आहोत असं ते सांगत. नावही तेच घेतलं. नोव्हेंबर १७८० मध्ये त्यांनी आर्रियागा या स्पॅनिश अधिकाऱ्याला पकडून फाशी दिली आणि मोठं बंड पेटलं. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात पत्नी मिकाएला बास्तिदास यांना त्यांच्या डोळ्यांदेखत मारलं गेलं, मग त्यांना.

शिक्षा सुनावणाऱ्या अरेचेने तेवढ्यावर भागवलं नाही. इंका राजांची चित्रं, पोशाख, त्यांच्यावरची नाटकं, सगळ्यावर बंदी घातली. त्यामुळे कोंदोरकांकींना समोर बसवून काढलेलं, असं निर्विवाद म्हणता येईल असं चित्र आपल्या हाती नाही. पुराव्यातली ही पोकळी हुकूम काढून पाडलेली आहे. म्हणजे ती पोकळीसुद्धा एक पुरावाच!

मग उरतं काय? एक, प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाची आठवण, जी एकोणिसाव्या शतकात छापली गेली: काळ्या मखमलीचा लांब कोट, रेशमी मोजे, जवळजवळ कमरेपर्यंत रुळणारे कुरळे केस. दोन, १९६९ च्या जमीन सुधारणेनंतर वेलास्को सरकारने घरोघरी पोचवलेलं, रुंद काठाच्या टोपीतलं चित्र. आज आपण ज्याला 'ओळखतो' तो बहुतेक हा दुसरा तुपाक आमारू.

आता गंमत अशी, की प्रिंटरला पोकळी चालत नाही. एसटीएल फाइल म्हणजे त्रिकोणांनी विणलेला पृष्ठभाग. त्यात भोक राहिलं की सॉफ्टवेअर कुरकुरतं, आपण ते बुजवतो. नाक कागदपत्रांवरून आलं की कल्पनेतून, हे त्या त्रिकोणांत कुठेच नोंदलेलं नसतं. छापल्यावर दोन्ही सारखेच टणक दिसतात.

म्हणून मॉडेल सुरू करण्याआधी साधा तक्ता करा: कोट, केस, टोपी, नाक, प्रत्येकासमोर स्रोत, त्याचा काळ, खात्री किती. 'अंदाज' असेल तिथे 'अंदाज' लिहा आणि तो तक्ता फाइलसोबतच द्या. चेहरा गुळगुळीत, कोराच ठेवला तरी चालेल. अरेचेने काय केलं, हे पाहणाऱ्याला त्यातून जास्त कळेल.

तुमचा विषय रसायनशास्त्र असो की इतिहास, आलेखातले मोजलेले बिंदू आणि त्यांना जोडणारी रेघ वेगळी दाखवायची असते. शिल्पालाही तोच नियम.