स्वातंत्र्य, नागरिकत्व आणि फुटबॉल : 'एबीसीएस' स्पर्धेतील चार संघांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

कॅरिबियन समुद्रातील अरुबा, बोनेर व क्युरासाओ ही तीन बेटे आणि दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील सुरीनाम यांच्या संघांमध्ये २०१० साली एक छोटी फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. चार नावांच्या आद्याक्षरांवरून ती 'एबीसीएस' म्हणून ओळखली जाऊ लागली. दोन उपान्त्य सामने, तिसऱ्या क्रमांकासाठी एक सामना आणि अंतिम सामना, एवढाच तिचा विस्तार. पुढे तिच्या आयोजनात सातत्यही राहिले नाही. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने तिची दखल घ्यावी असे तिच्यात काही आहे. एकाच वसाहतवादी सत्तेच्या अमलाखालून बाहेर पडताना या प्रदेशांनी तीन वेगवेगळ्या राजकीय वाटा धरल्या आणि कोणता खेळाडू कोणत्या संघाकडून खेळू शकेल हे त्या वाटांनी ठरविले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

भाषा व शेजार यांचे स्वरूप

या चौघांना 'डच-भाषक शेजारी' म्हटले जाते; परंतु ही दोन्ही विशेषणे तपासून घेणे आवश्यक आहे. डच ही चारही ठिकाणी राजभाषा असली तरी तिन्ही बेटांवरील बहुसंख्यांच्या घरात व मैदानावर पापियामेंतू बोलली जाते. सुरीनाममध्ये डचचा प्रसार अधिक आहे. तिच्या जोडीला स्रानान टोंगो आणि १८७३ पासून भारतातून नेलेल्या करारबद्ध मजुरांच्या वंशजांची सरनामी या भाषा नांदतात. शेजाराचे म्हणावे तर तीन बेटे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत आहेत. सुरीनामची राजधानी पारामारिबो मात्र तेथून दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणजे या चौघांना बांधणारा धागा भूगोलाचा नाही आणि केवळ भाषेचाही नाही. तो समान वसाहतकालीन इतिहासाचा आहे.

एका साम्राज्यातून तीन वाटा

१९५४ च्या राज्यसनदेने नेदरलँड्स, सुरीनाम व नेदरलँड्स अँटिलिस हे एकाच राजमुकुटाखालील तीन घटक ठरले. अँटिलिसमध्ये अरुबा, बोनेर, क्युरासाओ यांच्यासह सहा बेटांचा समावेश होता. या संयुक्त संघाने १९६३ व १९६९ च्या कॉनकॅकॅफ अजिंक्यपद स्पर्धांत तिसरा क्रमांक मिळविला होता.

ही रचना टप्प्याटप्प्याने विरत गेली. २५ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरीनाम स्वतंत्र झाला. १ जानेवारी १९८६ रोजी अरुबाने अँटिलिसमधून बाहेर पडून राज्यांतर्गत स्वतंत्र दर्जा मिळविला आणि १९८८ मध्ये फिफाचे सदस्यत्वही प्राप्त केले. १० ऑक्टोबर २०१० रोजी अँटिलिसचे विसर्जन झाले. क्युरासाओ हा राज्यांतर्गत स्वायत्त देश झाला, तर बोनेरला नेदरलँड्समधील विशेष नगरपालिकेचा दर्जा मिळाला. अँटिलिसचे फिफा सदस्यत्व वारसाहक्काने क्युरासाओकडे आले. बोनेर फिफाबाहेरच राहिला. मात्र पुढे कॉनकॅकॅफने त्याला आपल्यात सामावून घेतले. एबीसीएस स्पर्धेचा आरंभ अँटिलिसच्या विसर्जनाच्याच वर्षी व्हावा, हे लक्षणीय आहे. एक सार्वभौम राष्ट्र, दोन स्वायत्त देश आणि एक नगरपालिका या स्पर्धेत समान पातळीवर उभे राहिले.

स्वातंत्र्य आणि सुरीनामचे खेळाडू

१९७५ मध्ये सुरीनाम व नेदरलँड्स यांच्यात नागरिकत्वविषयक करार झाला. स्वातंत्र्याच्या दिवशी व्यक्तीचे वास्तव्य कोठे आहे, यावर तिचे नागरिकत्व प्रामुख्याने ठरले. त्यामुळे स्वातंत्र्याच्या आगेमागे फार मोठ्या संख्येने सुरीनामी लोक नेदरलँड्सला गेले. त्यांच्या मुलांनी डच फुटबॉलचा कायापालट केला. १९८८ चे युरोपीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या डच संघाचा कर्णधार रुड गुलिट आणि त्याचा सहकारी फ्रँक रायकार्ड हे दोघेही सुरीनामी पित्यांचे पुत्र होते. एडगर डाव्हिड्स व क्लॅरेन्स सीडॉर्फ यांचा तर जन्मच पारामारिबोचा.

सुरीनामचे स्थानिक फुटबॉल दुर्बळ होते असे मात्र नाही. तेथील ट्रान्सवाल क्लबने १९७३ व १९८१ मध्ये कॉनकॅकॅफचा क्लब-अजिंक्यपद चषक जिंकला होता. अडचण कायद्याची होती. डच पारपत्र स्वीकारणाऱ्यास सुरीनामचे नागरिकत्व गमवावे लागे आणि त्यासोबत राष्ट्रीय संघाचे दारही बंद होई. खेळाडू व मायभूमी यांच्यातील नाते औपचारिक सामन्यांबाहेर टिकून राहिले. ७ जून १९८९ रोजी पारामारिबोजवळ झालेल्या विमान अपघातात १७६ जण मृत्युमुखी पडले. सुरीनामी वंशाच्या व्यावसायिक खेळाडूंचा एक संघ मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी त्याच विमानाने मायदेशी येत होता. ज्या देशाकडून खेळण्याची त्यांना कायद्याने मुभा नव्हती, त्याच देशात खेळण्यासाठी ते निघाले होते.

२०१९ च्या सुमारास सुरीनामने 'क्रीडा-पारपत्रा'ची वाट काढली. परदेशी नागरिकत्व असलेल्या सुरीनामी वंशाच्या खेळाडूंना त्यामुळे राष्ट्रीय संघातून खेळता येऊ लागले. २०२१ मध्ये सुरीनाम प्रथमच गोल्ड कप स्पर्धेत उतरला.

क्युरासाओची वाट

क्युरासाओत हा प्रश्न निर्माण झालाच नाही. तेथील नागरिक डच नागरिकच राहिल्याने रॉटरडॅममध्ये जन्मलेल्या क्युरासाओ-वंशीय तरुणास आजोबांच्या बेटाकडून खेळण्यासाठी पारपत्र बदलावे लागत नाही. सुरीनामी पिता व क्युरासाओची माता यांचा पुत्र, माजी डच आघाडीवीर पॅट्रिक क्लुइव्हर्ट याने २०१५ मध्ये या संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. २०१७ मध्ये जमैकाला हरवून क्युरासाओने कॅरिबियन चषक जिंकला. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी किंग्स्टन येथे जमैकाशी गोलशून्य बरोबरी साधून हा संघ २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. सुमारे दीड लाख वस्तीचा हा प्रदेश विश्वचषकास पात्र ठरलेला, लोकसंख्येने सर्वांत लहान देश होय. संघातील बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले होते. त्याच दिवशी ग्वाटेमालाकडून पराभूत झाल्याने सुरीनामची थेट पात्रता हुकली.

समारोप

यावरून स्वातंत्र्यापेक्षा परावलंबन हितकारक ठरले, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल. क्युरासाओइतकेच डच नागरिकत्व अरुबालाही लाभले आहे. परंतु त्याला तसे यश मिळालेले नाही. कायदा दार उघडतो. आत येणाऱ्यांचे संघटन करणे हे वेगळे काम आहे. दुसरे असे की, सुरीनामने नागरिकत्वाची रेषा कठोरपणे आखली ती नवजात राष्ट्राची ओळख राखण्यासाठी. त्या निर्णयाची किंमत त्याच्या फुटबॉलने सुमारे चार दशके मोजली आणि ती रेषा क्रीडेपुरती शिथिल करण्याचा निर्णयही अखेर त्या राष्ट्रानेच घेतला. सार्वभौमत्वाचा हा वापरही दुर्लक्षिता येणार नाही.

राष्ट्रीय संघ हा राष्ट्राचे सरळ प्रतिबिंब असतो, असे आपण सहसा गृहीत धरतो. एबीसीएसमधील चार संघ हे गृहीतक तपासावयास लावतात. बोनेरकडे राष्ट्र नसून संघ आहे. सुरीनामकडे राष्ट्र होते, पण आपल्याच वंशाचे अनेक उत्तम खेळाडू दीर्घकाळ नव्हते. क्युरासाओकडे सार्वभौमत्व नाही, तरी विश्वचषकाचे प्रवेशपत्र आहे. वसाहतींच्या विसर्जनाचा इतिहास लिहिताना करारनाम्यांबरोबर संघांच्या याद्याही वाचल्या पाहिजेत. करारातील एका कलमाने कोणाचे घर कोणत्या बाजूस गेले, हे त्या याद्यांतील नावांवरून कळते.