रिपोर्ट नॉर्मल, डोकं ठणकतंय

मराठी घरात डोकं उठलं की पहिलं नाव निघतं ते पित्ताचं. ‘पित्त झालंय, उलटी होऊन गेली की बरं वाटेल,’ असं म्हणत घरातली बाई खिडकीचा पडदा ओढून घेते, कपाळाला फडकं आवळून बांधते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहते. कुणी सुंठ उगाळून लेप देतं, कुणी दृष्ट काढतं, कुणी सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खायचा उपाय सांगतं. तरीही दर पंधरवड्याला डोकं उठतच राहिलं, की चष्म्याचा नंबर तपासून होतो. मग सायनसचा एक्स-रे, मानेच्या मणक्यांचा एक्स-रे, रक्तदाब आणि सरतेशेवटी एमआरआय. रिपोर्ट नॉर्मल येतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, पण जिचं डोकं ठणकत असतं तिला त्या कागदाने काहीच मिळत नाही. उलट आता तिच्या दुखण्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

ही वणवण जुनी आहे. कित्येक शतकांची.

या आजाराला मराठीत नेमकं नाव आहे: अर्धशिशी. अर्धं शीर, म्हणजे अर्धं डोकं. दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याने वापरलेल्या ‘हेमिक्रेनिया’ या शब्दाचाही अर्थ तोच, आणि तो शब्द फ्रेंच जिभेवर झिजत झिजत ‘मायग्रेन’ झाला. एकमेकांपासून हजारो कोसांवरच्या वैद्यांनी रुग्णाचं ऐकून घेतलं आणि दोघांनीही दुखण्याला एकच नाव दिलं, कारण रुग्ण दोन्हीकडे डोक्याच्या एकाच बाजूवर हात ठेवत होता.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोग अकरा सांगितले आहेत. त्यांतला एक पित्ताचा. बाकीचे दहा काळाच्या ओघात घरगुती बोलण्यातून गळून गेले आणि सगळी डोकेदुखी त्या एका नावावर जमा झाली. पण मूळ यादी वाचली की तिच्यामागचं निरीक्षण थक्क करतं. ‘अर्धावभेदक’ म्हणजे अर्ध्या डोक्यात भेदल्यासारखी, टोचल्यासारखी वेदना. सोबत भोवळ. आणि हे दुखणं पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अचानक उठतं, असं तिथे सांगितलं आहे. दुखणं कसं आहे याच्याइतकंच ते कधी येतं, हेही वैद्याने विचारलं होतं. चरकसंहितेत याच दुखण्याची कारणं येतात: कोरडं अन्न, जेवणावर जेवण, पूर्वेचा वारा, दव, शरीराचे वेग रोखून धरणं, अतिश्रम. आजचे डॉक्टर ज्यांना ‘ट्रिगर’ म्हणतात, त्यांचीच ही जुनी यादी.

अकरांतलाच दुसरा रोग ‘सूर्यावर्त’. सूर्य वर येईल तसं हे दुखणं डोळ्यांपाशी आणि भुवयांपाशी चढतं, मध्यान्हीला टोक गाठतं आणि दिवस कलला की उतरतं. हे वर्णन वाचून आजच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला कपाळातल्या पोकळीच्या सुजेची आठवण होते. म्हणजे ज्याला आज ‘सायनसचं डोकं’ म्हणतात ते आणि अर्धशिशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या ग्रंथाने केवळ विचारपूस करून ओळखलं होतं.

हा भेद पुढे किती पुसला गेला, ते २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं. आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं ज्यांना वाटत होतं, किंवा डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं, असे जवळजवळ तीन हजार लोक त्यात तपासले गेले. त्यांतल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं अर्धशिशीच्या निकषांत बसली. घोटाळा होण्यासारखंच आहे म्हणा. चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नावाची मज्जातंतूची जोडी अर्धशिशीतही चेतते, त्यामुळे गाल आणि कपाळ दडपल्यासारखं होतं, नाक चोंदतं, डोळ्याला पाणी येतं. नाकाकडे बोट दाखवणारं दुखणं नाकातलं नसतं.

निदानावाचून आयुष्य कसं जातं, हे पाहायचं तर सतराव्या शतकातल्या अ‍ॅन कॉनवेकडे जावं लागतं. जन्म १६३१, इंग्लंड. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ताप आला आणि त्यानंतर डोकेदुखीने तिला सोडलं नाही. घर श्रीमंत, नवरा सरदार घराण्यातला, त्यामुळे त्या काळातला प्रत्येक मोठा वैद्य तिच्यापर्यंत पोचला. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे तिला तपासून गेला. पाऱ्याचे उपचार झाले. १६५६ साली ती समुद्र ओलांडून पॅरिसला गेली, ती कवटीला भोक पाडून घेण्याच्या तयारीने. शल्यविशारदांचा धीर झाला नाही. त्यांनी रक्तवाहिनी उघडून रक्त काढलं आणि तिला परत पाठवलं. दुखणं थांबवण्यासाठी कवटी उघडून घ्यायला निघालेली चोवीस-पंचवीस वर्षांची बाई डोळ्यांसमोर आणली, की दुखणं किती असेल याचा अंदाज येतो. १६६६ मध्ये नुसत्या हस्तस्पर्शाने रोग बरे करणारा म्हणून नाव झालेल्या व्हॅलेंटाइन ग्रेटरेक्स या आयरिश माणसाला तिच्या रॅगलीच्या वाड्यात बोलावलं. तिथे इतर लोकांना त्याचा गुण आला म्हणतात. तिला आला नाही.

तिच्या वैद्यांत थॉमस विलिसही होता. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या कड्याला आजही त्याचं नाव आहे. १६७२ साली छापलेल्या लॅटिन ग्रंथात त्याने या रुग्णाची हकिगत नाव न घेता लिहिली. दुखणं आधी अधूनमधून येत होतं, मग जवळजवळ अखंड झालं, हे त्याने टिपलं. कोणते उपाय झाले आणि एकाचाही उपयोग कसा झाला नाही, तेही त्याने लपवलं नाही. आज ज्याला ‘क्रॉनिक मायग्रेन’ म्हणतात त्याची वाटचाल त्या पानांवर दिसते. विलिस तिला बरं करू शकला नाही, पण त्याने तिचं खरं मानलं. त्या काळी हेही थोडं नव्हतं.

कॉनवे १६७९ मध्ये गेली. अखेरच्या वर्षांत दुखण्याच्या मधल्या फटींत ती शिशाच्या लेखणीने एका वहीत तत्त्वज्ञान लिहीत होती. ते पुन्हा वाचून नीट करायलाही तिला सवड मिळाली नाही. ती वही १६९० साली लॅटिनमध्ये पुस्तक होऊन आली, मुखपृष्ठावर तिचं नाव नव्हतं. पुढे लायब्निझसारख्या तत्त्वज्ञाने तिच्या विचारांची दखल घेतली.

तिच्यानंतर ज्ञान पुढे सरकलं, ते बऱ्याच अंशी स्वतःचं डोकं धरून बसलेल्या लोकांमुळे. ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरला डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकती रेघ दिसायची. १८७० साली त्याने ती मिनिटामिनिटाने कशी पसरते ते रंगवून प्रसिद्ध केलं. तिची दातेरी कड त्याला किल्ल्याच्या तटबंदीसारखी वाटली आणि ‘तटबंदी’ हाच शब्द वैद्यकात रूढ झाला. १९४१ मध्ये कार्ल लॅशले या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यांपुढचा असाच डाग कागदावर मोजला आणि हिशेब मांडला, की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने सरकत असलं पाहिजे. तीनच वर्षांनी ब्राझीलच्या अरिस्टिडिस लेआओला हार्वर्डमध्ये सशाच्या मेंदूवर जवळपास त्याच संथ गतीने सरकणारी विद्युत-शांततेची लाट सापडली. दोघांच्या कामाची सांगड बसायला पुढे बरीच वर्षं लागली.

दुसऱ्या एका दुखण्याची गोष्ट अधिक क्लेशाची आहे. व्हिएन्नाचे राजवैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांनी १७४५ मध्ये एका धडधाकट, मध्यमवयीन माणसाचं वर्णन केलं. रोज ठरलेल्या वेळी त्याच्या डाव्या डोळ्यावर असह्य कळ यायची आणि काही वेळाने पूर्ण थांबायची. हीच ‘क्लस्टर’ डोकेदुखी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन यांनी १९३९ मध्ये ती तपशिलाने मांडली, तोवर जवळपास दोनशे वर्षं गेली होती. आजही या रुग्णांचे चांगले दात उपटले जातात, कारण कळ जबड्यात उतरते. खरं तर खूण सोपी आहे. अर्धशिशीचा रुग्ण अंधारात निपचित पडतो. क्लस्टरचा रुग्ण एका जागी बसूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो, भिंतीवर डोकं आपटतो. पाऊण तासात झटका ओसरतो, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत दाखवायला काही उरत नाही. मास्कने जोरात दिलेला शुद्ध प्राणवायू यातल्या अनेकांना पाव तासात आराम देतो. पण आधी दुखण्याचं नाव कळायला हवं.

औषधं मात्र नावाची वाट पाहत थांबली नाहीत. मुंबईत १८९३ साली नागेश्वर राव पंतुलूंनी अमृतांजन सुरू केलं. पुढे कारखाना मद्रासला गेला, पण पिवळ्या बामची बाटली मराठी देवघराशेजारच्या फडताळात कायमची राहिली. १८९९ मध्ये जर्मनीत अ‍ॅस्पिरिन आलं, नंतर अर्धशिशीवरचं अर्गोटामाइन. गोळीने आराम पडू लागला तशी गोळीची सवयही वाढली. हॉर्टन यांनीच एका सहकाऱ्यासोबत १९६३ मध्ये अर्गोटामाइन अति घेणाऱ्या ५२ रुग्णांची माहिती मांडली. औषध काही दिवस बंद केलं, की बहुतेकांची रोजची डोकेदुखी कमी होत होती. आता मोजमाप ठरलं आहे: साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस किंवा अधिक, आणि मिश्र गोळ्या किंवा अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गोळ्या १० दिवस किंवा अधिक, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर औषधच डोकेदुखी टिकवून धरतं. गल्लीतल्या मेडिकलवर सुटी गोळी मागणाऱ्याला हे सहसा कुणी सांगत नाही, आणि हे फार वाईट आहे.

दरम्यान यंत्रं आली. १९७१ मध्ये लंडनजवळच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. गाठ, रक्तस्राव, सूज आता दिसू लागली, असंख्य जीव वाचले. क्षणात टोकाला जाणारं डोकं, तापासोबत मान ताठणं, पन्नाशीनंतर प्रथमच उठलेलं दुखणं, यांना आजही तातडीने तपासावंच लागतं. पण अर्धशिशी फिल्मवर उमटत नाही. जे दिसत नाही ते नाहीच, अशी समजूत पसरली आणि ‘मनावर घेऊ नका’ हे वाक्य तपासणीच्या टेबलावर येऊन बसलं.

ते उठवायला १९८८ उजाडलं. डेन्मार्कचे जेस ओलेसन यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्थेने पहिलं वर्गीकरण छापलं. अर्धशिशीचा झटका ४ ते ७२ तासांचा, चालल्याने वाढणारा, सोबत मळमळ किंवा उजेड-आवाज न सोसणं, असे निकष त्यात आले. सगळे विचारून कळणारे. सुश्रुतसंहितेतल्या प्रश्नांच्या जवळचे. दोनच वर्षांनी गोड्सबी आणि एडविन्सन या संशोधकांनी झटक्याच्या वेळी मानेच्या शिरेतल्या रक्तात सीजीआरपी हे रसायन वाढलेलं दाखवलं. त्याला अडवणारी औषधं २०१८ पासून बाजारात आहेत.

प्रश्न विचारले की नवं काही हाती लागतं, याचं एक उदाहरण मुंबईचं आहे. इथले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये अशा ९४ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांची अर्धशिशी डोक्यावरून न्हाल्यावर उठते. लांब केस, ते वाळेपर्यंत ओले राहणं, आणि त्या दिवशी संध्याकाळी अंथरूण धरणं. आपल्याकडच्या बायका हे आईच्या तोंडून ऐकत आल्या होत्या, आता ते जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

डोकेदुखीचे डॉक्टर आता पहिल्या भेटीत नोंदवही मागतात. बऱ्याच घरांत ती भिंतीवर आधीच टांगलेली असते. कालनिर्णयच्या चौकटीत दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, पाळीची खूण. त्यातच डोकं उठलं त्या दिवशी एक फुली आणि गोळी घेतली तर शेजारी एक टिंब. तीन महिन्यांची पानं गुंडाळून पिशवीत घालून न्यायची आणि टेबलावर पसरायची. फुल्या आधी मोजायच्या, टिंबं नंतर.