शाडूवर बसलेला हात

पेणचा गणपतीचा कारखाना तुम्ही पाहिलाच असेल. ओळीने मूर्ती मांडलेल्या असतात, आणि एखादा कारागीर मान खाली घालून डोळ्यांची आखणी करीत असतो. मूर्ती कोणाची म्हणून विचारा, नाव कारखानदाराचे सांगतील. आखणी करणाराचे कोण सांगतो? विसर्जन झाले की त्याच्या हाताचा पुरावाही पाण्यात गेला!

अशाच एका गणपती घडविणाऱ्या घरातला एक हात मात्र टिकला. विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळच्या सासवण्याचा. घरी गणपती होत. शाडू पोराच्या बोटांना लहानपणीच ओळखीचा झाला. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्याने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरसाहेबांच्या दृष्टीस पडले. साहेब रसिक होता. धुरंधरांकडून आपल्या पुस्तकासाठी चित्रे काढून घेणारा रॉथफील्ड तो हाच. त्याने मुलाची मुंबईस जे. जे. स्कूलमध्ये सोय लावून दिली.

आता पाहा, रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९१८ साली आय.सी.एस.ला पहिले आले. हुशारीला परीक्षेची वाट होती. मातीत चालणाऱ्या हाताला कसली परीक्षा? तिथे कलेक्टरच वाटेने यावा लागला. तो पेणच्या किती कारखान्यांवरून न थांबता गेला असेल, हा विचार मला तरी अस्वस्थ करतो.

पुढे सुरेंद्रनाथ टागोरांमुळे करमरकर कलकत्त्यास गेले, नंतर लंडनला शिकून आले. शंख फुंकणाऱ्या बंगाली स्त्रीचे त्यांचे 'शंखध्वनी' हे शिल्प नावाजले गेले. पण महाराष्ट्राला ते ठाऊक झाले पुण्याच्या अश्वारूढ शिवाजीमुळे. या स्मारकाची कोनशिला १९२१ साली बसली, छत्रपती शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, आणि पुतळा उभा राहिला तो १९२८ साली. साडेतेरा फूट उंचीचा हा ब्राँझचा पुतळा मुंबईस माझगाव गोदीत एकसंध ओतला. घोडा, स्वार, सगळे एकदम! एवढा रस ओतताना कुठे हवा अडकली, तर सारे काम फुकट.

तरीही खरे करमरकर पाहायचे तर सासवण्यालाच. पुतळ्यांची कामे मागणीबरहुकूम असतात. गिऱ्हाइकाला चेहरा पटावा लागतो. गावी त्यांनी घडविल्या त्या आसपासच्या कोळणी, शेतकरी, जनावरे. त्यासाठी त्यांनी साधे सिमेंट वापरले. ब्राँझचा खर्च नको, आणि शाडूसारखे विरघळणेही नको. १९६२ साली पद्मश्री मिळाली, १९६७ साली ते वारले. राहते घर आता शिल्पालय आहे. पेणहून अलिबागला गेलात, तर पुढे मांडव्याच्या रस्त्याने सासवणे लागते. तिथली सिमेंटची म्हैस जरूर पाहा. नुकतीच रानातून येऊन टेकली आहे असे वाटते.